भावाला स्किझोफ्रेनिया आहे, केशरी कार्ड आहे. दिव्यांग प्रमाणपत्र नसताना नाशिकच्या सिव्हिलमध्ये मोफत उपचार मिळतील का?

मिळतील. ‘आधी प्रमाणपत्र काढून या’ असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल, तर त्याने उपचार आणि सवलती यांची खिचडी केली आहे. माझा धाकटा भाऊ गेली नऊ वर्षं याच आजाराच्या गोळ्या घेतोय. आम्हीही सुरुवातीला असेच दोन महिने उगाच घालवले.

उपचाराला प्रमाणपत्र लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तर कार्ड हातात नसलं तरी उपचार मोफत मिळायला हवेत. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार सगळ्यांनाच मोफत आहेत, कार्डाचा रंग कोणताही असो. आधार आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन त्र्यंबक रोडला जा, मानसोपचाराचा केसपेपर काढा. सकाळी लवकर जा, रांग असते.

प्रमाणपत्र लागतं ते यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना यांसाठी. यातल्या एसटीच्या सवलतीला आणि संजय गांधी योजनेला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. मानसिक आजारात ते ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने ठरतं: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात.

आम्ही नेमके इथेच फसलो. तपासणीच्या दिवशी आईने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडून दिला. डॉक्टरांनी विचारलं, अंघोळ स्वतः करतो का? आई म्हणाली, हो, सगळं स्वतः करतो. बादली ती भरते, चार हाका ती मारते, टॉवेलही तीच हातात देते, यातलं काही ती बोललीच नाही. चारचौघांत लेकाची लाज राखायची म्हणून. टक्के चाळीसच्या आत आले. पुढच्या वेळी मी महिनाभर वहीत लिहून ठेवलं: किती दिवस अंघोळ नाही, कितीदा कामावरून मधूनच परत आला. ती वही डॉक्टरांनी शांतपणे वाचली आणि प्रमाणपत्र मिळालं. तुम्हीही आजपासून वही घाला.

संजय गांधी योजनेत केशरी कार्डावर विसंबू नका. ते कार्ड लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळतं, योजनेत मात्र दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आधी काढा, मगच फॉर्म भरा.

आणि रात्री-बेरात्री तो बिथरला, घरात कुणाला काही सुचेना, तर १४४१६ लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो. आमच्या आईने तर एकदा स्वतःसाठीच लावला होता.