इंजिन मूळचंच आहे का? क्लासिक गाड्यांच्या मालकांचे प्रश्न

जुनी गाडी पुन्हा उभी करताना पत्रा, रंग, सीट यांवर लोक हात सैल सोडून खर्च करतात. इंजिनाची ओळख मात्र आरसीवरच्या एका ओळीच्या भरवशावर सोडतात. या खेपेला आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न याच विषयावरचे होते, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

१९६८ची फियाट ११०० डिलाइट घ्यायची आहे. आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावरचा, इंजिन नंबर तंतोतंत जुळतो. मालक म्हणतात, याहून मोठा पुरावा काय हवा? (पुणे)

आरसी एवढंच सांगते की शेवटची नोंद झाली तेव्हा गाडीत या नंबरचं इंजिन होतं. मधल्या काळात कुणी रीतसर इंजिन बदलून नोंद करून घेतली असेल, तर नवा नंबरही आरसीशी जुळणारच. म्हणून आताचं स्मार्ट कार्ड पाहून थांबू नका. जुनं आरसी बुक मागा आणि त्यातली सगळी पानं वाचा: इंजिन बदलल्याचा शेरा, खोडाखोड, वेगळ्या शाईत लिहिलेला आकडा. पुस्तक हरवलं असेल तर पहिली नोंदणी ज्या आरटीओत झाली, तिथे जुन्या नोंदीचा उतारा मिळतो का पाहा. चकरा माराव्या लागतात, पण माझ्या मते याच कागदाला खरी किंमत आहे.

फियाटमध्ये ही काळजी जास्त घ्यावी लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४पासून डिलाइट बाहेर पडली, मग प्रेसिडेंट आली आणि १९७४पासून पद्मिनी. तिघींचं पेट्रोल इंजिन तेच, १०८९ सीसीचं, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). पद्मिनी २००० सालापर्यंत बनत राहिली आणि मुंबईच्या टॅक्सींमुळे तिची इंजिनं भंगारात सहज मिळत गेली. विशीतल्या पद्मिनीचं इंजिन साठीकडे निघालेल्या डिलाइटमध्ये विनातक्रार बसतं आणि बॉनेट उघडल्यावर सहसा कुणाला कळतही नाही.

मग कळणार कसं? त्याच सालच्या आणखी दोन-तीन डिलाइट शोधा आणि त्यांचे चेसिस व इंजिन नंबर लिहून घ्या. कारखान्यात दोन्ही नंबर साधारण बरोबरीनं पुढे सरकतात. तुमच्या गाडीचा चेसिस नंबर त्या रांगेत बसतो आणि इंजिन नंबर मात्र कुठल्या कुठे पुढचा निघतो, असं झालं तर इंजिन नंतरचं आहे. ब्लॉकवर ओतकामातच उमटलेली उठावाची अक्षरंही पाहा. त्यात तारखेची खूण असेल तर हिशोब सोपा आहे. ब्लॉक आधी ओतला जातो, गाडी नंतर बनते. ओतल्याची तारीख गाडीच्या जन्मानंतरची असेल, तर पुढचा वाद संपला.

नंबरच्या जागी गंज आणि रंगाचे थर आहेत, काहीच वाचता येत नाही. मिस्त्री म्हणतो, ग्राइंडर फिरवून देतो. (सातारा)

त्याला आत्ताच थांबवा. पंच केलेल्या आकड्याची खोली फार नसते. ग्राइंडर, एमरी पेपर किंवा सँडब्लास्टिंगनं आकडा तर जातोच, शिवाय त्याखालची कारखान्यातली मशीनिंगची खूणही जाते आणि पुढचा प्रत्येक खरेदीदार तुमच्याकडे संशयानं बघतो. रंगावर पेंट रिमूव्हर लावा, गंजावर गंजतेल सोडून रात्रभर मुरू द्या, मग नायलॉनच्या ब्रशनं घासा. अंधारात टॉर्च अगदी आडवी धरली की सावलीत आकडे उठून दिसतात. आरटीओसाठी घेतो तशी कागदावर पेन्सिलची छाप घ्या आणि फोटोही काढून ठेवा. वाचताना शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांत गल्लत होते; जुन्या आरसींतल्या कित्येक चुका अशाच शिरलेल्या असतात. इंजिन रंगवताना त्या जागेवर टेप लावा.

आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप आहे. कुणी विलीज म्हणतं, कुणी फोर्ड. इंजिनावर जीपीडब्ल्यूनं सुरू होणारा नंबर आहे. मग ही फोर्डच ना? (नाशिक)

इंजिन फोर्डचं आहे, गाडीचं अजून ठरायचं आहे. दुसऱ्या महायुद्धात एकाच आराखड्याची जीप विलीजनं एमबी या नावानं बनवली आणि फोर्डनं जीपीडब्ल्यू या नावानं. दोघांची मिळून सहा लाखांहून अधिक. सुटे भाग एकमेकांना लागावेत हीच लष्कराची अट होती, त्यामुळे वर्कशॉपमध्ये फोर्डचं इंजिन विलीजमध्ये आणि विलीजचं फोर्डमध्ये सर्रास गेलं.

आधी चेसिस ओळखा. रेडिएटरच्या खालचा, पुढचा आडवा बार गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची. उलट्या यू आकाराच्या पट्टीचा असेल तर फोर्डची. फोर्डनं चेसिसच्या डाव्या रेलवर, पुढच्या भागात वरच्या बाजूला नंबर थेट पंच केला आणि तो कारखान्यातून निघताना इंजिनाच्या नंबराशी जुळत असे. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या वरच्या कोपऱ्यात सापडेल. दोन्ही आकडे एक निघाले तर तुमच्याकडे फार दुर्मिळ गोष्ट आहे, सांभाळा.

चेसिस विलीजची निघाली तर वेगळा नियम. विलीजनं चेसिस नंबर पट्टीवर लिहिला आणि इंजिनाचा क्रम स्वतंत्र ठेवला, त्यामुळे दोन नंबर वेगळे असणं हेच तिथे नैसर्गिक आहे. हे माहीत नसल्यानं चांगल्या एमबी लोकांनी ‘नकली’ म्हणून नाकारल्या आहेत. आणखी एक नजर टाका: युद्धकाळातल्या इंजिनाचं हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, सपाट असतं, त्यावर फक्त प्लग दिसतात. कार्ब्युरेटर हेडच्या डोक्यावर बसलेला दिसला तर ते नंतरचं एफ-हेड इंजिन, महिंद्राच्या सीजे-३बीमध्ये असायचं तसं.

आणि मूळ इंजिन नसलं तरी वाईट वाटून घेऊ नका. लष्करी वर्कशॉपनं बदललेलं इंजिन हा त्या जीपच्या नोकरीचाच भाग आहे.

एमजी कंपनीच्या एमजीए १५०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये अॅम्बेसेडरचं इंजिन असल्याचा संशय आहे. ब्लॉकवरच्या पट्टीवर नंबर मात्र एमजीचाच दिसतो. (कोल्हापूर)

संशय रास्त आहे. एमजीएचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातली. एमजीचे भाग मिळेनात तेव्हा आपल्याकडे हा उपाय हमखास व्हायचा. एमजीएचा इंजिन नंबर ब्लॉकला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो आणि पट्टी काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावायला फारसा वेळ लागत नाही. रिव्हेट जुने आहेत का, पट्टीखाली रंग आहे का, ते पाहा. ब्लॉकवरच्या ओतीव खुणा मात्र कुणाला हलवता येत नाहीत. त्या एमजीच्या जाणकाराला दाखवा. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून चेसिस नंबरावरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. एमजीएच्या कारखान्यातल्या नोंदी तिथे आहेत आणि त्यात मूळ इंजिन नंबर येतो. पैसे भरून ते मागवाच.

१९६९ची शेव्हरोले कॅमारो बघतो आहे, जाहिरातीत ‘नंबर्स मॅचिंग’ (म्हणजे इंजिन कारखान्यातून याच गाडीबरोबर आलेलं) लिहिलंय. काय तपासू? (न्यू जर्सी)

उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर सपाट जागा आहे, तिथे इंजिन जुळवल्याची तारीख आणि प्रकाराची सांकेतिक अक्षरं असतात. गाडीच्या नंबराचा शेवटचा भागही तिथेच. १९६९च्या काही गाड्यांत तो ऑइल फिल्टरजवळ असतो. नॉरवुडच्या कारखान्यातली गाडी असेल तर तो १९एन असा सुरू होऊन पुढे सहा आकडे येतात. आता आकड्यांपेक्षा त्याखालचा पृष्ठभाग पाहा. कारखान्यात ब्लॉक तासून सपाट करताना (ब्रोचिंग) उमटलेल्या बारीक रेघा पुढून मागे सरळ जातात. त्या गायब असतील तर एकतर ब्लॉकचं फेसिंग झालंय, म्हणजे दुरुस्तीत माथा पुन्हा तासलाय, किंवा कुणी जुना नंबर घासून नवा ठोकलाय. विकणाऱ्यानं फेसिंगचं बिल दाखवायला हवं.

ओतल्याची तारीख ब्लॉकच्या मागच्या बाजूला मिळेल: महिन्याचं अक्षर, दिवस आणि सालाचा एकच शेवटचा आकडा. त्यामुळे ‘९’ म्हणजे १९६९ आणि १९७९ दोन्ही. ३९७००१० या क्रमांकाचा ३५० घन इंचाचा ब्लॉक तर १९६९पासून सत्तरीच्या दशकभर ओतला गेला, तेव्हा तारीख एकटीच धरून बसू नका. नंबर सीईनं सुरू होत असेल तर तो कंपनीनं दिलेला बदली ब्लॉक आहे. तो प्रामाणिक असतो, फक्त ‘मॅचिंग’ नसतो, आणि किंमत त्याप्रमाणे कमी व्हायला हवी.

आमच्या १९७० सालच्या गाडीचा ब्लॉक तडकला, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवलं. गॅरेजवाला म्हणतो, आरसीचा नंबर यावर पंच करून देतो, कुणाला कळणार नाही. करावं का? (मुंबई)

करू नका. इंजिन नंबर खोडून दुसरा ठोकणं हा गुन्हा आहे आणि आतलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. त्याशिवाय एक खोटा ठोकलेला नंबर त्या गाडीचा सगळा खरा इतिहास संशयाखाली आणतो, याचं मला जास्त वाईट वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करता येते आणि करायला हवी. इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून आलं तिच्या रद्द झालेल्या आरसीची प्रत जपून ठेवा.

२०२१मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली वाहनं येतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला मात्र ती गाडी काढता येत नाही. तुमची गाडी वयानं बसते. त्याच प्रकारचं इंजिन आहे हे कागदोपत्री दाखवता आलं तर नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्या समितीपुढे तुमची बाजू मांडता येईल. डिझेल इंजिन बसवलं असतं तर अवघड होतं.

आणि तडकलेला ब्लॉक अजून गॅरेजमध्ये असेल तर भंगारवाला यायच्या आत घरी आणा. बिडाच्या ब्लॉकमधला तडा मेटल स्टिचिंगनं (वेल्डिंगशिवाय धातूच्या पिना बसवून) अनेकदा बंद होतो, झिजलेल्या बोअरमध्ये स्लीव्ह, म्हणजे धातूच्या नळ्या, घालता येतात. आज पैसे नसतील तर तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, नंबर वर दिसेल असा ठेवा.