एका मीटरवर सहा खोल्या

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवार पेठेतील चाळीत खोली मिळाल्याचे तुझे पत्र पोचले. सहा खोल्यांत एक नळ, दोन संडास आणि विजेचा एकच मीटर हे वाचताच माझी चाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. भाडे परवडते याचे समाधान योग्यच आहे. पण पहिल्या महिन्यातच मीटरकडे लक्ष दे, असे मी आग्रहाने सांगतो.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंतची महाग आणि त्यापुढची आणखी महाग. प्रत्येक खोलीने महिन्याला ६० युनिट वापरली, तर स्वतंत्र मीटरवर सगळेच पहिल्या टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर मात्र बेरीज ३६० होते आणि त्यांतली २६० युनिट वरच्या दराने लागतात. हा भुर्दंड कोणाच्या उधळपट्टीने आलेला नसतो, तरी भांडण शेजारच्या इस्त्रीवरूनच पेटते. म्हणून सगळ्यांनी मिळून घरमालकाकडे स्वतंत्र मीटर मागा आणि ते मिळेपर्यंत खोलीगणिक सब-मीटर बसवून, ठरलेल्या तारखेला दोघांच्या देखत आकडे वहीत उतरवा.

आमच्या चाळीचा हिशेब माझ्याकडे होता आणि मी बिलाला सरळ सहाने भागत असे. कडेच्या खोलीत एक आजी एकट्या राहत. एका संध्याकाळी त्यांनी पदराची गाठ सोडून नाणी मोजली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “बाबा, माझ्यात एकच दिवा हाय, त्योबी आठला मालवतो.” तरीही मी ते पैसे घेतले, याची खंत अजून जात नाही. सारखी वाटणी म्हणजेच न्याय, असे मी तोवर मानत होतो.

पाण्याचे माप वेगळे असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रांत पाणी शिरले, नळ कित्येक दिवस कोरडे राहिले आणि टँकरचे पाणी आम्ही खोलीमागे नव्हे, तर माणशी घागरी मोजून वाटले. बाळंतिणीच्या घराला दोन घागरी जास्त दिल्या आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. संडास धुण्याची पाळी मात्र खोलीवारच लावा आणि ती दारावर खडूने लिहून ठेवा.

वही मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला अडकव, म्हणजे कोणालाही केव्हाही पाहता येईल. पहिले रीडिंग घेतलेस की आकडे मला कळव.

तुझा,
काका