घरी कलर निगेटिव्ह फिल्म डेव्हलप करायची आहे. महिन्याला दोन-तीनच रोल होतात. पावडरचं किट घ्यावं की लिक्विड? आणि मिसळून ठेवलेला डेव्हलपर तपकिरी झालाय, तो वापरता येईल का?

महिन्याला दोन-तीन रोल असतील तर केमिकल संपण्याआधी ते खराब होणार, हे धरूनच निवड करा. एक लिटरच्या किटवर साधारण आठ रोल होतील असं लिहिलेलं असतं आणि ते होतातही. पण मिसळलेला डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत साधारण सहा आठवडे भरवशाचा असतो. अर्धी रिकामी बाटली त्याच्या कितीतरी आधी दगा देते. तुमच्या वेगाने सहा आठवड्यांत चारेक रोल होतील, म्हणजे निम्मं केमिकल वाया.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, रोल साठवा. एक्स्पोज केलेला रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवला तर त्याचं फारसं बिघडत नाही. मिसळलेल्या डेव्हलपरचं बिघडतं. सहा-आठ रोल जमले की किट मिसळायचं आणि दोन आठवड्यांत सगळं उरकायचं. असं जमणार असेल तर पावडरचं किट उत्तम: बंद पाकिटात बराच काळ टिकतं आणि सांडत नाही. मात्र पावडर अर्धी-अर्धी करून मिसळू नका. पाकिटात वेगवेगळ्या रसायनांचे कण असतात, ते एकसारखे पसरलेले नसतात. अर्ध्या पाकिटात डेव्हलपिंग एजंट किती आला आणि अल्कली किती, हे वजनकाटा सांगू शकत नाही.

दुसरा उपाय लिक्विड कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे पाणी घालून वापरायच्या घट्ट द्रावणाचा. तुमच्यासाठी मी हाच सुचवेन. लागेल तेवढंच मिसळता येतं. किती मिसळायचं ते टँकवर (फिल्म डेव्हलप करायच्या उजेडबंद डब्यावर) ठरतं: पॅटरसन कंपनीच्या टँकमध्ये ३५ एमएमच्या एका रोलला २९० मिली लागतं, दोन रोलना ५८०, आणि १२० च्या (रुंद फिल्मच्या) एका रोलला ५००. त्यामुळे 'अर्धा लिटर करू' म्हणालात तर ३५ एमएमचे दोन रोल एकत्र बसणार नाहीत. सरळ ६०० मिली करा. किटमधल्या प्रत्येक भागासाठी (प्रत्येक बाटलीतल्या द्रावणासाठी) वेगळी सिरिंज ठेवा आणि तिच्यावर भागाचं नाव लिहा.

कॉन्सन्ट्रेट उघडल्यावर सगळे भाग सारखे टिकत नाहीत. डेव्हलपरच्या ज्या भागात सीडी-४ हा डेव्हलपिंग एजंट असतो, तो आधी जातो. उघडल्या दिवशीच तो लहान काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे एका वेळी एकच बाटली उघडावी लागेल. तो गडद जांभळट-तपकिरी झाला तर टाकून द्या. बाकीचे भाग चांगले दिसत असले तरी मोह नको.

मिसळताना माहितीपत्रकातला क्रम मोडू नका. आधी कोमट पाणी, मग पहिला भाग, तो पूर्ण विरघळल्यावर पुढचा. सीडी-४ चा आम्लयुक्त भाग पाण्याआधीच घट्ट अल्कलीवर ओतला तर एजंट डांबरासारखा तेलकट होऊन वेगळा पडतो आणि मग कितीही ढवळलं तरी नीट मिसळत नाही. डेव्हलपरला डिस्टिल्ड पाणी वापरा. ब्लीच (फिल्ममधली चांदी बदलणारं) आणि फिक्सर (ती विरघळवून काढणारा) यांना नळाचं चालतं.

आता ब्लिक्स घ्यावं की ब्लीच आणि फिक्सर वेगवेगळे? ब्लिक्समध्ये दोन्ही एकाच बाटलीत असतात, एक पायरी वाचते. पण त्यातलं ब्लीच करणारं लोह हळूहळू सल्फाइट आणि थायोसल्फेटलाच खाऊ लागतं, म्हणून ते कपाटात ठेवल्या ठेवल्याही कमजोर होतं. वेगळं ब्लीच महिनोन्‌महिने टिकतं आणि त्याला हवा लागलेली उलट चांगली, कारण वापरलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा कामाला येतं. ब्लीचची बाटली अर्धी रिकामी असली तरी चालेल, अधूनमधून हलवून झाकण उघडा. कमी रोल करणाऱ्याने वेगळे घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. फिक्सर मात्र बंदच ठेवायचा. त्यात पिवळसर-पांढरा गाळ दिसू लागला की गंधक सुटायला लागलं, तो फेकायचा.

सगळी काळजी डेव्हलपरवरच का, तर ब्लीच आणि फिक्स ही कामं शेवटाला पोहोचली की थांबतात. वेळ कमी पडली किंवा ब्लिक्स दमलेलं निघालं तर निगेटिव्हमध्ये चांदी राहते, रंग मळकट दिसतात, ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) वाढतो. तीच फिल्म उजेडातच ताज्या ब्लिक्समध्ये पुन्हा बुडवली की दुरुस्त होते. डेव्हलपरचं तसं नाही. सी-४१ मध्ये (कलर निगेटिव्हच्या प्रमाण प्रक्रियेत) ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं १५ सेकंद, तेवढ्यात तिन्ही थरांचे रंग तयार होतात. डेव्हलपर कमजोर असला की थर कमी-जास्त बनतात: सावलीत एक झाक, उजेडात दुसरी. स्कॅनरवर एक सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. ते नुकसान कायमचं.

साठवणीला गडद रंगाची काचेची बाटली सगळ्यांत चांगली. काच नसेल तर शीतपेयांच्या बाटल्या ज्याच्या असतात ते पीईटी प्लास्टिक चालतं. दुधी रंगाच्या मऊ प्लास्टिकमधून हवा शिरते. घडी घालून दाबायच्या अकॉर्डियन बाटल्या मी कुणालाच सुचवत नाही: प्लास्टिक तेच, घड्यांमध्ये हवा राहते आणि धुवायला त्रास. दर रोलमागे डेव्हलपर थोडा कमी होतो, ती जागा स्वच्छ काचेच्या गोट्या टाकून भरा. लायटरमध्ये भरायचा ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, त्याचा फवारा बाटलीत मारून झाकण लावलं तर चांगला उपयोग होतो. पण तो पेट घेतो, जवळपास ज्योत किंवा चालू हीटर नको. बाटल्या साधारण २० अंशाच्या आसपास, अंधाऱ्या कपाटात. मिसळलेलं केमिकल फ्रिजमध्ये नको, गारठ्याने क्षार खाली बसतात.

झाकणं अदलाबदल होऊ देऊ नका. ब्लिक्सच्या झाकणाच्या आट्यांत सुकलेला थेंबसुद्धा डेव्हलपरमध्ये गेला तर फॉग (फिल्मभर नको ती धुरकट झाक) येतो. झाकणावर आणि बाटलीवर दोन्हीकडे नाव लिहा, फनेल वेगळं ठेवा, थर्मामीटर दर वेळी धुवा, आणि मिसळताना डेव्हलपर आधी, ब्लिक्स शेवटी. बाटलीवर मिसळल्याची तारीख लिहा आणि दर रोलला एक रेघ मारा, कारण पुढच्या रोलना वेळ किती वाढवायचा ते त्या रेघांवरूनच कळतं. वाढीव वेळ तुमच्या किटच्या तक्त्यातला घ्या.

तुमच्या तपकिरी डेव्हलपरबद्दल. ताजा डेव्हलपर जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळसर असतो, रोल केल्यावर थोडा गडद होणं स्वाभाविक आहे. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका, चाचणी घ्या. ३५ एमएम रोलच्या सुरुवातीच्या, उजेड लागलेल्या लीडरचा चारेक सेंटीमीटर तुकडा कापा. भर उजेडात ३७.८ अंशाला ३:१५ डेव्हलपर, पाणी, ताजं ब्लिक्स ठरलेल्या वेळेपुरतं, पाणी. तुकडा दिव्यासमोर धरला तर तो गडद, जवळजवळ अपारदर्शक दिसला पाहिजे. नारिंगी-तपकिरी पातळ आला, पलीकडचं सहज दिसलं, तर डेव्हलपर गेला. ताज्या किटमधला असाच एक तुकडा जपून ठेवलात तर पुढे तुलना सोपी. एवढं मात्र लक्षात घ्या की लीडरला भरमसाट उजेड लागलेला असतो, त्यामुळे थोडासा कमजोर डेव्हलपरही या चाचणीत पास होतो. पुन्हा काढता येणार नाहीत असे फोटो असतील तर चाचणी पास झाली तरी नवा मिसळा.

रेमजेटचा काळा थर असलेली सिनेमाची फिल्म या किटमध्ये टाकू नका. थर सुटून सगळ्या बाटल्या खराब करतो.

काम करताना नायट्राइलचे हातमोजे घाला. सीडी-४ केसांच्या कलपातल्या रसायनाच्या जातीचं आहे आणि त्याची ॲलर्जी वारंवार स्पर्शाने होते. कलपाने ज्यांना खाज सुटते त्यांनी तर फारच जपावं. पावडर ओतताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि शीतपेयाची बाटली वापरलीत तर जुनं लेबल काढून टाका, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

वापरलेल्या फिक्सरमध्ये आणि ब्लिक्समध्ये चांदी असते. ते सेप्टिक टँकमध्ये, विहिरीजवळ किंवा झाडांना ओतू नका. वेगळ्या डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. बाथरूम धुवायच्या क्लोरीनच्या ब्लीचशी त्याचा संबंध येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.