बोअरच्या पाण्यात एंजल माशाची अंडी पांढरी पडतात, गप्पी माशांची पिल्लं गायब होतात. घरी ब्रीडिंग कसं करावं?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: गाव परभणी, टँक दोन फुटी, पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १२०० च्या आसपास. आत दोन गोल्डफिश, एंजलची जोडी, एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आणि दहा गप्पी. पुढे दुकानदाराला मासे विकायचा विचार आहे.

पिल्लांचा हिशोब सरळ आहे. ती एंजल आणि गोल्डफिशच्या पोटात जातात, आणि त्यातून उरलेली त्यांच्या आयाच खातात. अंडी पांढरी पडतात म्हणजे ती फळलेली नाहीत आणि त्यांच्यावर बुरशी चढते. याची दोन मुख्य कारणं. एक म्हणजे जोडीत दोन्ही माद्याच असणं. एंजलमध्ये दोन माद्याही जोडी जमवून पानावर रीतसर अंडी घालतात, अंड्यांची राखणही करतात. अंडी घालताना पोटाखालची नळी बघा: मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. दुसरं कारण तुमचं पाणी. एंजल मूळचा अमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्यातला. १२०० टीडीएसला तो जगेल, पण अंडी नीट फळायला पाणी २०० च्या आसपास असलेलं बरं. म्हणजे एक बादली बोअरच्या पाण्यात सात बादल्या आरओचं पाणी. घरगुती आरओ एक बादली शुद्ध पाणी देताना दोन-तीन बादल्या बाहेर टाकतो. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात माशांच्या अंड्यांसाठी एवढं पाणी वाया घालवणं मला पटत नाही.

म्हणून पाणी बदलत बसू नका, मासा बदला. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना क्षारांचं पाणी मानवतं. मॉलीला तर तेच हवं असतं. एंजलची जोडी, गोल्डफिश आणि सकर दुकानात परत द्या. दोन फुटी टँकमध्ये, खडी-दगड वजा जाता, जेमतेम ४५ लिटर पाणी असतं. गोल्डफिश सहज वीतभर होतो, सकर दीड फुटापर्यंत जातो. त्यांना ही जागा कधीच पुरणार नाही.

पण बोअरच्या पाण्याचा एक धोका दुकानात कुणी सांगत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो किती विषारी ठरेल हे पीएच आणि तापमानावर ठरतं. ३० अंशांना पीएच ७ असेल तर त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच वाटा साडेसात टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे जवळपास दहापट. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा ८ च्या आसपासच असतं. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात खपून जाणारी गर्दी आणि जास्तीचं खाणं इथे मासे मारतं. नवा टँक भरून लगेच मासे सोडू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला फिल्टरचा स्पंज आणून आपल्या टँकमध्ये पिळला की हा काळ बराच कमी होतो. जिवाणू बसल्यावर अमोनिया आणि त्यातून बनणारं विषारी नायट्राइट, दोन्हींचं टेस्ट किट शून्य दाखवेल तेव्हाच मासे सोडा. बोअरचं पाणी एकदा नायट्रेटसाठीही (अमोनिया पचल्यावर शेवटी उरतं ते) तपासा. शेताजवळच्या बोअरमध्ये खतांमुळे नायट्रेट मुळातच जास्त असू शकतं, आणि मग कितीही पाणी बदललं तरी टँकमधलं नायट्रेट बोअरच्या पातळीखाली येत नाही.

जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. बादलीत एअरस्टोन सोडून रात्रभर ठेवा, मग वापरा. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनची पावडर) असेल तर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट टाका: २० लिटरला साधारण पाव ग्रॅम, म्हणजे तुरीच्या डाळीएवढे तीन-चार खडे.

आता गप्पींची पिल्लं. एका नराला तीन माद्या असं प्रमाण ठेवा, नाहीतर नर मादीला उसंत देत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी मादी वीस ते पन्नास पिल्लं देते. ती नराचं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे दुकानातून एकटी आणलेली मादीही पिल्लं देते. प्लॅस्टिकच्या छोट्या ब्रीडिंग बॉक्समध्ये तिला आठवडाभर कोंडू नका. घाबरून ती पिल्लं अपुऱ्या दिवसांची टाकते. १५-२० लिटरच्या टबात स्पंज फिल्टर लावा, जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळ) किंवा सोडवलेल्या नायलॉनच्या दोरीचा दाट झुबका टाका, पोट चौकोनी दिसू लागलं की मादी त्यात सोडा आणि व्याल्यावर काढून घ्या. तळ्यातली हायड्रिला आणत असाल तर जपून. तिच्यासोबत चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लं खातात.

पहिले दोन आठवडे आर्टिमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) द्या: एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ, अर्धा चमचा आर्टिमियाची अंडी, जोरात हवा, २८ अंश. चोवीस ते छत्तीस तासांत अळ्या निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, अळ्या खाली बसतात. त्या नळीने काढून, गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्या. कोंबडीच्या उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त पडतो, पण पिल्लं त्याने कमी वाढतात आणि पाणी जास्त नासतं. चार आठवड्यांपासून नर-मादी वेगळे करायला लागा: नराचा पोटाखालचा पर काडीसारखा लांबट होतो. उशीर केलात तर सख्खी भावंडंच एकमेकांत लागतात. दर तीन-चार पिढ्यांनी बाहेरचा नर आणा, आणि नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवूनच मिसळा. वाकड्या कण्याची पिल्लं पुढच्या ब्रीडिंगला कधीच घेऊ नका.

मे महिन्यात टँकवर टेबल फॅन लावा, वारा पाण्याच्या पृष्ठभागावर येईल असा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी तीनेक अंशांनी उतरतं. बर्फ टाकू नका. मात्र फॅनमुळे रोज लिटरभर पाणी उडतं आणि क्षार मागेच राहतात. ती तूट बोअरच्या पाण्याने भरत राहिलात आणि पाणी बदललं नाही, तर दीड महिन्यात १२०० चा टीडीएस २४०० होईल. तूट भरायला तेवढं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. लाइटचा भरवसा नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप आधीच आणून ठेवा. कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. डिसेंबर-जानेवारीत याच ४५ लिटरला ५० वॅटचा हीटर पुरेल. पाणी काढण्याआधी त्याचं बटण बंद करा, नाहीतर काच तडकते.

दोन माद्या वर्षभरात पाचेकशे पिल्लं देऊ शकतात. ती कुठे जाणार, हे नर-माद्या एकत्र करण्याआधी दुकानदाराशी बोलून ठरवा. उरलेले मासे गोदावरी, पूर्णा, दुधना, गावतळं किंवा बारवेत सोडायचे नाहीत, गप्पीसुद्धा नाही. उजनी धरणात सकर मासा पसरला आहे, त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. तो मुळात काचेच्या टँकसाठी आणलेला मासा. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी द्यायचे असतील तर आरोग्य केंद्राला विचारून, बंदिस्त हौदातच.

धंदा वाढवायचा असेल तर आधी उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात चौकशी करा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटसाठी तीन लाख रुपये खर्च धरलेला होता, त्यावर ४० टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

मासे दुकानात द्याल तेव्हा दोन महिन्यांच्या पुढचे द्या. आदल्या दिवशी उपाशी ठेवा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि उन्हाळ्यात थर्माकोलच्या डब्यात घालून पहाटेच निघा.