वसंतातली टर्की: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीच्या वसंत हंगामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे दिली आहेत. हंगामाच्या तारखा, शिकारीच्या वेळा आणि चालणारे छर्रे राज्यागणिक बदलतात. त्यामुळे आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

प्रश्न: शेताच्या कडेला एक मादी आणि एक जेक असे दोन डिकॉय, म्हणजे आमिषाच्या नकली टर्की, लावले होते. लांबून नीट दिसावेत म्हणून दोन्हींची तोंडे शेताकडे केली होती आणि अंतर तीस यार्ड होते. मोठा नर आला, पण डिकॉयच्या पलीकडेच पिसारा फुलवून घुटमळला आणि निघून गेला. काय चुकले?

जेकचे तोंड चुकले आणि अंतरही चुकले. वसंतात मोठा नर जेकवर, म्हणजे वर्षभराच्या कोवळ्या नरावर, चाल करून येतो तेव्हा त्याला समोरासमोर भिडायचे असते. जेक शेताकडे पाहत असेल तर नर शेताच्या बाजूलाच थांबणार. तुमच्याकडून पाहिले तर तो डिकॉयच्या मागे, म्हणजे पस्तीस-चाळीस यार्डांवर उभा राहतो. जेक तुमच्याकडे तोंड करून, किंचित तिरपा ठेवा. मग नराला वळसा घालून तुमच्या आणि जेकच्या मधे यावे लागते. त्या क्षणी त्याची पाठ तुमच्याकडे असते आणि स्वतःचाच फुलवलेला पिसारा त्याच्या नजरेआड तुम्हाला ठेवतो. बंदूक दोन इंच सरकवायची तर तीच वेळ.

जेक वीस यार्डांवर असला की नर पंधरा-अठरा यार्डांवर उभा राहतो. अंतर पावलांनी मोजूनच लावा, कारण पहाटेच्या अंधारात डोळ्याचा अंदाज हमखास फसतो. उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याने डावा खांदा डिकॉयच्या रोखाने ठेवून बसावे. बसल्या जागी बंदूक डावीकडे सहज फिरते, उजवीकडे मात्र लगेच अडते.

मादीच्या डिकॉयबाबत इतका नेम सांगता येत नाही. कुठला नर तिच्या मागून येतो, तर कुठला समोर येऊन मिरवतो. हंगामाच्या सुरुवातीला जमिनीवर बसलेली मादी आणि तिच्या अगदी मागे उभा जेक, ही जोडी चांगली चालते. पुढे पुढे मार खाल्लेले, दबलेले नर जेक पाहूनच कलटी मारतात. तेव्हा एकटी मादी लावा, नाहीतर काहीच लावू नका. पिसारा फुलवलेल्या मोठ्या नराचा डिकॉय तर दुय्यम नरांना पळवूनच लावतो.

आणखी एक गोष्ट. खुंटीवर बसवलेला हलका डिकॉय वाऱ्यात गरगर फिरतो आणि खरी टर्की कधी गरगर फिरत नाही. शेपटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंचांवर एकेक काडी रोवा. म्हणजे तो थोडासा हलेल, पण फिरणार नाही.

प्रश्न: मी काढलेल्या मादीच्या आवाजाला नर उत्तर देतो, शंभर यार्डांपर्यंत येतो आणि तिथेच अडून बसतो. जास्त आवाज काढले तरी पुढे सरकत नाही. का?

कारण त्याच्या हिशेबाने आता यायची पाळी मादीची आहे. निसर्गात नर ओरडतो, पिसारा फुलवतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. आपण नेमकी उलटी रीत त्याच्या गळी उतरवू पाहतो. त्यात डिकॉय शंभर यार्डांवरून स्पष्ट दिसत असेल, तर ‘मी हिला दिसतोय, ही येईल’ असे समजून तो जागेवरच मिरवत राहतो. म्हणून मोकळ्या शेतात डिकॉय कामाचा आणि जंगलात बरेचदा नडणारा. जंगलात अशी जागा धरा, जिथे मादी शोधत आलेल्या नराला काही दिसायच्या आत तो तुमच्या टप्प्यात असेल: चढाचा माथा, वाटेचे वळण.

मधे ओढा, तारेचे कुंपण किंवा दाट झुडूप आहे का, हेही आधीच पाहून ठेवा. उडून ओलांडता येईल अशा अडथळ्यापाशीसुद्धा तो थबकतो. तो थांबला की आवाज वाढवू नका, बंद करा. दहा-पंधरा मिनिटे अगदी गप्प राहा. त्यानंतर हाताने पाचोळा उकरा: दोनदा पटकन, एकदा सावकाश, मग विराम. खाणे टिपणारी मादी असाच आवाज करते. फार तर एखादा हलका क्लक (टर्कीचा एकच तुटक सूर) काढा. घाईने उठून गेलेल्या शिकाऱ्याच्या जागी नर अर्ध्या तासाने गुपचूप येऊन उभा राहतो, हे नेहमीचे आहे.

प्रश्न: बारा गेजची शॉटगन आणि एक्स्ट्रा फुल चोक (छर्रे दाट पडावेत म्हणून नळीच्या टोकाला बसवायचा आवळ) आहे. काडतूस कोणते घ्यावे, आणि किती लांबून मारावे?

‘किती लांबून’ याचे उत्तर काडतुसाच्या डब्यावर नसते, ते कागदावर मिळते. तीन फूट बाय तीन फूट कागद लावा आणि मधे एक ठिपका काढा. आधी साध्या हलक्या काडतुसाने पंधरा-वीस यार्डांवरून पाहा की बंदूक नेम धरते तिथेच मारते का. नळीच्या टोकावर नुसता मणी असलेल्या बंदुकीत गाल दस्त्यावरून जरा उचलला तरी मारा वर जातो. टर्की चुकण्याचे हे फार मोठे कारण आहे, म्हणून साधा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारे साधन) बसवलेला बरा. त्यानंतर शिकारीचे काडतूस घेऊन 20, 30 आणि 40 यार्डांवरून एकेक बार काढा. छर्रे सर्वांत दाट पडले असतील तिथे दहा इंच व्यासाचे वर्तुळ काढून आतली भोके मोजा. शंभराच्या आसपास भोके ज्या अंतरापर्यंत मिळतात, तिथे तुमची हद्द संपली. एकच काडतूस दोन चोकमधून अगदी वेगळे पडते. म्हणून मित्राच्या बंदुकीचा आकडा आपल्या बंदुकीला लावू नका.

शिशाचे 4, 5 आणि 6 नंबर जुने आणि भरवशाचे. त्यांना 40 यार्ड ही रास्त मर्यादा आहे. टंगस्टन धातूच्या टीएसएस छर्ऱ्यांची घनता 18 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास, शिशाची 11 च्या. त्यामुळे 0.08 इंचाचा 9 नंबरचा टीएसएस छर्रा साधारण 0.12 इंचाच्या 5 नंबर शिशाइतका आत शिरतो. वजनाला मात्र दुपटीहून जास्त छर्रे बसतात: एका औंसात 5 नंबर शिशाचे सुमारे 170, तर 9 नंबर टीएसएसचे सुमारे 360. म्हणूनच आता वीस गेज आणि चारशेदहा बोअर अशा लहान नळीच्या बंदुकांनीही नीट शिकार होते. टीएसएस महाग आहे आणि पोलादापेक्षाही कठीण आहे, त्यामुळे चोक त्यासाठी चालतो याची खात्री करून घ्या.

दाट पडणाऱ्या चोकचा तोटा जवळून कळतो. दहा यार्डांवर सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेतून जातात. नेम जराही चुकला तर पक्षी साफ सुटतो. डिकॉय दहावर न लावता वीसवर लावायचे हेही कारण.

नेम मानेच्या मध्यावर धरा, पिसे संपून उघडी कातडी सुरू होते त्याच्या जरा वर. अंगावर मारल्यास पक्षी जखमी होऊन दूर जातो आणि मरतो, हाती मात्र लागत नाही. पिसारा फुलवलेल्या नराची मान आखडून पिसांत गेलेली असते. तोंडातल्या डायफ्रॅमने (तोंडात धरून फुंकायच्या पातळ पडद्याच्या शिट्टीने) एकच खणखणीत क्लक काढा. तो मान ताठ करून पाहतो, तेव्हा चाप ओढा.

प्रश्न: सरकारी जमिनीवर डिकॉय वापरणे कितपत सुरक्षित?

डिकॉय टर्कीला फसवतो तसा माणसालाही फसवतो, हे मनात धरूनच वापरा. नेताना-आणताना तो पूर्ण झाकलेल्या, शक्यतो भडक नारिंगी पिशवीत असावा. शेपटीचा पंखासुद्धा बाहेर दिसता कामा नये. पाठीला खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच खोड घ्या. डिकॉयच्या पलीकडे निदान शंभर यार्ड मोकळे दिसायला हवेत. पलीकडून कुणी डिकॉयवर नेम धरला तर त्याच रेषेत तुम्ही बसलेले असता. लाल, पांढरा आणि निळा हे नराच्या डोक्याचे रंग. मोज्यापासून रुमालापर्यंत अंगावर यांतला एकही नको. कुणी येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, स्पष्ट माणसाच्या आवाजात ओरडा. शेपटीचा पंखा हातात धरून रांगत नराकडे जाण्याची पद्धत सरकारी जमिनीवर कधीही करू नका. पेनसिल्व्हेनियात तर वसंतात दबकत जाऊन टर्की मारायला बंदी आहे, फक्त आवाजाने बोलावूनच शिकार करता येते.

प्रश्न: मी एच-1बी व्हिसावर आहे. मित्राची बंदूक घेऊन शिकार केली तर चालते का?

शिकारीचा परवाना नसेल तर बंदूक हातातही घेऊ नका. तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मुदत संपली की ही सूटही संपली. मैदानावर सरावाला जाण्याआधीसुद्धा परवाना काढा. त्यासाठी बहुतेक राज्यांत शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम आधी करावा लागतो. राज्याचे नियम आणखी कडक असू शकतात, म्हणून वकिलाला एकदा विचारलेले चांगले. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही.

प्रश्न: विणीच्या काळात शिकार करणे पक्ष्यांच्या मुळावर येत नाही का?

विचारायलाच हवा असा प्रश्न. वसंतात बहुतेक राज्यांत फक्त नर किंवा दाढीवाला पक्षी मारता येतो. दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा केसांसारखा राठ पिसांचा झुपका. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि अंडी-पिल्लांशी त्याचा संबंध नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास संपलेला हा पक्षी परत आला तो बंदुका-काडतुसांवरच्या करातून (1937 चा पिटमन-रॉबर्टसन कायदा) आणि जाळ्यांनी पकडून नव्या जंगलांत सोडण्याच्या अनेक दशकांच्या कामातून. तरी काही राज्यांत संख्या पुन्हा घटते आहे. माद्यांचा संयोग होण्याआधीच दांडगे नर मारले जाऊ नयेत, अशी काळजी त्यामुळे घेतली जाऊ लागली. टेनेसीने 2023 पासून हंगाम दोन आठवडे उशिरा सुरू केला. असे निर्णय गैरसोयीचे वाटले तरी त्यांना आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

प्रश्न: दवात स्लेट कॉल (पाटीवर काडी घासून टर्कीचा आवाज काढायचे साधन) मुका होतो. उपाय?

ओलावा बहुधा काडीच्या टोकाला असतो. तेलकट बोट लागले तरी तेच होते. काडी आतल्या खिशात, स्लेटपासून वेगळी ठेवा आणि टोक बारीक सँडपेपरवर घासा. स्लेट एकाच दिशेने हलकी खरवडा आणि त्या रेघांना आडवी काडी ओढा. पावसाळी सकाळी डायफ्रॅमच न्या, तो ओलाच वाजतो.