लहान मुले, एक सुटी आणि कोल्हापूर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि नुकतेच बदलीने कोल्हापुरात आलो आहोत. मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या रविवारी अंबाबाईचे दर्शन, न्यू पॅलेस, कणेरी मठ आणि सायंकाळी रंकाळा असे सगळे एकाच दिवसात केले. मुलगी रडून रडून गाडीतच झोपली आणि मुलाने घरी पोहोचताच मोबाइल मागितला. मुलांना खरोखर आवडेल असे या परिसरात काय आहे? – एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : आपण पाहिलेली चारही ठिकाणे चांगली आहेत, परंतु ती एका दिवसात उरकण्याचा बेत बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी असतो. तो चार वर्षांच्या मुलीला झेपणारा नाही. वास्तू किती जुनी आणि ती कोणी बांधली, यात या वयाच्या मुलांना रस नसतो. कोणीतरी माणूस हाताने काही घडवत आहे, आपण जवळ उभे राहून ते पाहत आहोत आणि मनात येईल ते विचारत आहोत, एवढे मिळाले की मुले तासभर जागची हलत नाहीत. म्हणून एका सुटीला एकच ठिकाण ठरवावे आणि ते ठरवताना तेथे काय आहे यापेक्षा त्या वेळी तेथे काय चालू असते, याची चौकशी करावी.

या कसोटीला उतरणारे सर्वांत उत्तम ठिकाण म्हणजे गुऱ्हाळ. साधारण दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि पुढे तीन-चार महिने करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतील रस्त्यांनी जाताना गुऱ्हाळाचा धूर आणि रसाचा गोड वास दुरूनच ओळखू येतो. ऊस चरकात घालण्यापासून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, फडक्यात बांधण्यापर्यंतची सगळी कामे एकाच छपराखाली चालतात, त्यामुळे मुलांना आरंभ आणि शेवट दोन्ही डोळ्यांसमोर दिसतात. रस मोठ्या काहिलीत तापू लागला की वर हिरवट-काळी मळी येते आणि ती बाजूला काढली जाते. मळी नीट सुटावी म्हणून पारंपरिक पद्धतीत रानभेंडीच्या खोडाचे बुळबुळीत पाणी रसात घालतात. चरकातून निघालेली चिपाडे वाळवून तीच चुलवाणात जाळली जातात, म्हणजे ऊस स्वतःच स्वतःचा रस आटवतो, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला सांगून पाहावी. पाक तयार झाला की नाही हे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो, आणि या परीक्षेवरच त्या आधणाचे, म्हणजे काहिलीभर रसाचे, भवितव्य ठरते. एका आधणाला अडीच-तीन तास लागतात. एवढा वेळ थांबणे मुलांना जमणार नाही, म्हणून मालकाला आधी विचारून काहील उतरवण्याच्या सुमारास पोहोचावे. ओळख नसली तरी बहुतेक ठिकाणी रसाचा पेला पुढे येतोच. मात्र निघताना तेथूनच थोडा गूळ किंवा काकवी विकत घ्यावी, कारण आपण त्यांच्या कामाच्या वेळेत गेलेलो असतो.

एका गोष्टीत मात्र तडजोड करू नये. काहिलीतला पाक उकळत्या पाण्यापेक्षाही अधिक तापलेला असतो, तो अंगाला चिकटून राहतो आणि काहील जमिनीलगत असते. मुलगी पूर्ण वेळ कडेवर किंवा हाताशी हवी आणि दोन मुलांमागे दोन मोठी माणसे हवीत. छायाचित्रे काढण्याच्या नादात हात सुटतो, हे निराळे सांगायला नको.

कणेरी मठाकडे पुन्हा एकदा, फक्त तेवढ्यासाठीच, जावे. सिद्धगिरी संग्रहालयात कुंभार, लोहार, सुतार आणि इतर बलुतेदारांचे जुने गाव पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहे. ते विस्तीर्ण आहे आणि ऊन लागते, त्यामुळे सकाळी उघडताच आत शिरावे आणि मुलगी दमली की उरलेले गाव तसेच सोडून परतावे. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत हा आग्रह मोठ्यांचा असतो. टाऊन हॉलमधील संग्रहालय याच्या उलट लहान आहे आणि भोवती जुन्या झाडांची बाग आहे. तेथे मुलाला एकच वस्तू शोधायला सांगावी : १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झाले, त्यात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती. परदेशातल्या सागराचा देव कोल्हापूरच्या मातीत कसा आला, या प्रश्नातून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार, जहाजे, बंदरे आणि घाटवाटा असे सगळे बोलता येते. संग्रहालय सोमवारी बंद असते.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर साठेक किलोमीटरवर आहे. चार वर्षांच्या मुलीसाठी हे अंतर थोडे जास्तच आहे. तरी मध्ये नृसिंहवाडीला थांबून संगमावर पाय भिजवले आणि पेढे घेतले तर प्रवास सुसह्य होतो. बाराव्या शतकातील शिलाहारकालीन या मंदिराचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे आणि त्याखाली मुलांनी बसून आभाळाकडे पाहावे, पायथ्याशी ओळीने कोरलेले हत्ती मोजावेत, एवढाच कार्यक्रम ठेवावा. दाजीपूरच्या अभयारण्याचा विचार मात्र मुलगी मोठी होईपर्यंत पुढे ढकलावा. गवा दिसण्यासाठी गाडीत गप्प बसून बराच वेळ वाट पाहावी लागते, आणि तो दिसलाच नाही तर तिची समजूत काढणे कठीण जाते.

प्रश्न : मी निवृत्त आहे. साडेतीन वर्षांच्या नातीला दुपारनंतर मीच सांभाळतो. गाडी चालवत नाही आणि गुडघ्यांमुळे फार चालताही येत नाही. शिवाजी पेठेत राहतो. तिला रोज कोठे न्यावे? लहानपणी आम्ही कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध प्यायचो. तिलाही ते द्यावे असे मला वाटते, पण सूनबाईंना ते मान्य नाही. – एक आजोबा

उत्तर : रोजचेच जायचे असेल तर ठिकाण बदलत राहण्याची गरज नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला तीच वाट, तेच बाक आणि तोच फुगेवाला पुन्हा भेटण्यात आनंद असतो. आपल्याला रंकाळा जवळ आहे. तेथे रोज एका गोष्टीकडे तिचे लक्ष वेधावे : तळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात किती बुडाला आणि उन्हाळ्यात किती उघडा पडला, पाण्यावर आज कोणते पक्षी आहेत, शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य कोठे मावळतो. रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्टही तिला सांगावी. तो रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, असे जुनी माणसे सांगतात. हा हिशेब नातीला समजणार नाही, पण दुसऱ्या दिवशी नंदी सरकला का हे पाहायला ती हट्टाने नेईल. चौपाटीवर गर्दी होण्यापूर्वी, पाचच्या सुमारास, गेल्यास आपल्या गुडघ्यांनाही बरे पडेल.

दुधाच्या बाबतीत मी सूनबाईंच्या बाजूने आहे. न तापवलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याचा धोका अधिक असतो. आपल्याला ते पचले म्हणून नातीला पचेल असे नाही. परंतु गंगावेशीतील दूधकट्ट्यावर तिला न्यायला हरकत कसली? दारात आलेली म्हैस, भांड्यात पडणाऱ्या धारांचा आवाज आणि वर आलेला फेस तिने पाहावा, किटलीत दूध घ्यावे, ते घरी सूनबाईंनी तिच्यासमोर तापवावे आणि साय कशी धरते हे तिला दाखवावे. दूध पिशवीत तयार होत नाही हे शहरातल्या किती मुलांना ठाऊक असते, याविषयी मला शंका आहे. दिवाळीच्या पाडव्याला गवळीबांधव म्हशींची शिंगे रंगवून, मोरपिसे लावून त्यांना मिरवतात. तेव्हा तिला आपल्या ओळखीच्या गल्लीतून, थोडे लांब उभे राहून, अवश्य दाखवावे. उधळणारी म्हैस आणि मोठ्या आवाजाचे ध्वनिवर्धक या दोन्हींपासून अंतर असावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत तीन ते दहा वर्षांची पंधरा-वीस मुले आहेत. वाढदिवसांखेरीज ती एकत्र येत नाहीत. खर्चाचा बोजा न होता वर्षभर काही उपक्रम चालवता येतील का? – सोसायटीतील काही पालक, फुलेवाडी

उत्तर : नवे उपक्रम शोधण्याआधी आपल्याकडच्या सणांच्या वेळापत्रकाकडे पाहावे, त्यात मुलांच्या हातांना भरपूर काम आहे. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल विकत आणण्याऐवजी दोन बादल्या माती आणून ते मुलांकडूनच करवून घ्यावेत. बैलाचे चार पाय सारखे न झाल्यास मोठ्यांनी ते दुरुस्त करू नयेत. त्यानंतर गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी गंगावेश, शाहूपुरी किंवा बापट कॅम्प येथील कुंभारांकडे पाच-सहा मुलांच्या गटाने जावे. पंधरा मुले एकदम नेल्यास कुंभाराचे काम थांबते आणि मूर्तींना धक्का लागण्याची भीती असते. आधी परवानगी घ्यावी आणि शक्य झाल्यास सोसायटीची शाडूची मूर्ती त्यांच्याकडेच सांगावी, म्हणजे मुलांना आपलीच मूर्ती मातीपासून रंगापर्यंत पाहता येईल.

दिवाळीतला किल्ला हा तर आपल्याकडचा सर्वांत मोठा सामूहिक खेळ. मात्र अलीकडे अनेक ठिकाणी वडीलमंडळीच किल्ला बांधतात आणि मुले बाजूला उभी राहून चिखल आणून देतात, हे चित्र खटकते. तीन वर्षांच्या मुलाने अळीव पेरावे, सहा वर्षांच्याने दगड रचावेत, दहा वर्षांच्याने पन्हाळ्याचा नकाशा पाहून तीन दरवाजा कोठे आणि अंबरखाना कोठे ते ठरवावे. बुरूज कोसळला तर कोसळू द्यावा. स्पर्धेत भाग घ्यायचाच असेल तर तो मुलांनी बांधलेल्या किल्ल्याने घ्यावा.

सणांच्या मधल्या काळात महिन्यातून एकदा गच्चीवर गोष्टींची संध्याकाळ ठेवावी. पुस्तकांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखे ग्रंथालय आपल्या शहरात आहे. पालकांपैकी दोघा-तिघांनी सभासद होऊन आळीपाळीने पुस्तके आणली तरी काम भागते. आजी-आजोबांनी वाचून दाखवावे आणि मुलांनी मध्येच प्रश्न विचारल्यास रागावू नये. मावळतीची किरणे अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात त्या किरणोत्सवाला, म्हणजे नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीला, मंदिरात इतकी गर्दी असते की लहान मुलांना पाठींखेरीज काही दिसत नाही. त्याऐवजी घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून आत येणारे ऊन भिंतीवर कोठे पडते, याची खडूने खूण करावी आणि दर आठवड्याला त्याच वेळी पुन्हा पाहावे. खूण सरकत जाते आणि ठरावीक दिवशीच किरणे देवीपर्यंत का पोहोचतात, हे मोठ्या मुलांना आपोआप कळते.

प्रश्न : आमचे बाळ दोन वर्षांचे आहे. पावसाळ्यात पन्हाळ्याला न्यावे का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : संततधार नसलेला दिवस पाहून न्यावे. पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे बाळाला घेऊन चढण्याचा प्रश्न येत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून या गडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून त्याच्याविषयीचे कुतूहल आणखी वाढले आहे, म्हणून शक्यतो शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडावा. अंबरखान्याच्या भव्य कोठारांत पाऊस आला तरी आडोसा मिळतो. तबक उद्यानात बाळाला थोडे चालू द्यावे. अंधारबावीच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, तेथे बाळाला कडेवर घेऊनही उतरू नये. सज्जा कोठीच्या कड्याकडेही दाट धुक्यात जाऊ नये. कपड्यांचे दोन जोड, टोपरे आणि घरचा मऊ भात सोबत ठेवावा. भाजलेले कणीस मोठ्यांनी खावे, बाळाला त्याचे दाणे देऊ नयेत, कारण ते घशात अडकतात. घाटात धुके उतरण्यापूर्वी, म्हणजे चारच्या आत, परतीला लागावे.