कंडरेच्या दुखण्यावर इंजेक्शन: पुरावा किती आठवड्यांचा?

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

टेनिस एल्बोच्या, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) दुखणाऱ्या रुग्णाला स्टेरॉईडचे इंजेक्शन द्यावे की पीआरपीचे (रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या, प्लेटलेट्सनी समृद्ध द्रवाचे), असे तू विचारले आहेस. त्याआधी प्रत्येक शोधनिबंधाला दोन प्रश्न विचारायची सवय लाव: परिणाम कोणत्या आठवड्यात मोजला, आणि कशाशी ताडून पाहिला?

नेदरलँड्समधील १८५ रुग्णांची जी चाचणी २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तीत सहा आठवड्यांनी स्टेरॉईड घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांना गुण आला होता, फिजिओथेरपी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत ३२ टक्के होते. निबंध इथेच संपला असता, तर स्टेरॉईडविरुद्ध बोलायची कोणाची छाती झाली नसती. मात्र वर्षअखेरीस हेच आकडे अनुक्रमे ६९, ९१ आणि ८३ टक्के झाले. म्हणजे ज्यांना कोणताच विशेष उपचार मिळाला नव्हता, तेही पुढे निघून गेले. पुढे २०१३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातील १६५ रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉईड घेतलेल्या ५४ टक्के जणांचे दुखणे वर्षभरात उलटले, तर प्लासिबो (औषध नसलेले) इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्केच होते. फिजिओथेरपीची जोड देऊनही हा तोटा भरून निघाला नाही, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. जुनाट दुखण्यात कंडरेच्या तंतूंची रचनाच विस्कटलेली असते, आणि प्रयोगशाळेतील अभ्यासांत स्टेरॉईडमुळे कंडरेच्या पेशींची कोलॅजन (कंडरेला बळकटी देणारे प्रथिन) तयार करण्याची क्षमता घटताना दिसते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे फार नवल वाटत नाही.

पीआरपीच्या बाबतीत तुझा दुसरा प्रश्न कामाला येईल. स्टेरॉईडशी तुलना करणाऱ्या चाचणीत वर्षाअखेर पीआरपी सरस ठरले, तर पीआरपीने रुग्ण बरा केला की स्टेरॉईडने त्याचे बरे होणे लांबवले, हे त्या तुलनेतून कळूच शकत नाही. त्यासाठी प्लासिबोशीच तुलना हवी, आणि तशी तुलना झाली तेव्हा निकाल निराशाजनक आले. ब्रिटनमध्ये अकिलीस कंडरेचे (टाचेच्या मागच्या कंडरेचे) दुखणे असलेल्या २४० रुग्णांवरील चाचणीत (‘जामा’, २०२१) सहा महिन्यांनी पीआरपी आणि लुटुपुटीचे इंजेक्शन यांत फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्याने (असे आढावे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासतात) कोपराच्या दुखण्याबद्दल ३२ चाचण्या तपासून जवळपास हाच निष्कर्ष काढला.

तरीही एका कंडरेचा निकाल दुसरीला सरसकट लावू नकोस. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अकिलीस कंडरेसाठी जड वजनाच्या संथ व्यायामाला सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली दिलेल्या स्टेरॉईडची जोड सहा महिन्यांनी फायद्याची ठरली. एवढ्या एका चाचणीवर मी उपचाराची पद्धत बदलणार नाही, पण तिच्याकडे डोळेझाकही करणार नाही.

तुझ्या या रुग्णाला मी तूर्त कोणतेच इंजेक्शन देणार नाही. भार हळूहळू वाढवत नेणारा व्यायाम निदान बारा आठवडे नेमाने करून घे. वेदनेने झोप उडते म्हणून त्याने स्टेरॉईडचाच आग्रह धरला, तर सहा आठवड्यांचा आणि वर्षाचा असे दोन्ही आकडे त्याच्यापुढे एकाच वेळी ठेव, आणि मग त्याला ठरवू दे.

कळावे.